बांबूच्या गल्ल्यातून उभे राहिलेले रुग्णालय
(तैवानच्या बौद्ध आरोग्यसेवेचा इतिहास)



विहाराची स्मरणिका निघायची म्हटली की दोन प्रकारचे लेख हमखास येतात. एक, विहार कसा उभा राहिला त्याच्या आठवणी. दुसरा, परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीचा इतिहास. दोन्ही हवेतच. या खेपेला मात्र आमच्या रविवारच्या अभ्यास वर्गाने जरा दूरचा विषय घेतला आहे. तैवान बेटावरच्या एका मागास भागात, एका भिक्खुणीने आणि तीस गृहिणींनी आजाऱ्यांसाठी रोज थोडे थोडे पैसे साठवायला सुरुवात केली. आज त्या कामाची रुग्णालये आहेत, वैद्यकीय विद्यापीठ आहे आणि त्यांचे डॉक्टर देशोदेशी जाऊन गोरगरिबांना तपासतात. हे कसे वाढले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

झाड किती वाढले हे एकदाच बघून कळत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. म्हणून या लेखात आपण त्या गावाला तीन वेळा जाऊ : पहिल्यांदा १९६६ साली, दुसऱ्यांदा १९८६ साली आणि तिसऱ्यांदा त्यानंतरच्या काळात. तिकीट काढायला नको, इतिहासाचे बोट धरले की पुरे.

आजाऱ्याची सेवा ही धम्माचीच गोष्ट

आधी आपल्या घरातली गोष्ट. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे, तो वर्षावासात अनेकांनी ऐकला असेल. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कुणीही त्याच्याकडे फिरकत नव्हते. का, तर तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून. तथागत आनंदाला घेऊन विहारातून फिरत असता त्यांनी हे पाहिले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून त्याला उचलून खाटेवर ठेवले. नंतर भिक्खूंना एकत्र बोलावून तथागतांनी समजावले की, तुमची काळजी घ्यायला इथे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही शिकवण पुढे राज्यकारभारातही उतरली. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख गिरनारला आजही आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे त्यात कोरले आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. हे केवळ स्वतःच्या राज्यात नव्हे, तर चोळ, पांड्य, ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका, आणि पार अंतियोक या यवन राजाच्या मुलखापर्यंत. अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडले आहेत. पाचव्या शतकात फाहियान हा चिनी भिक्खू भारतात आला, तेव्हा पाटलीपुत्रात गोरगरिबांना फुकट औषधपाणी देणारी रुग्णालये त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. म्हणजे धम्माच्या प्रेरणेने परमुलखात औषध पोचवण्याचे काम आपल्या परंपरेत सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच झाले होते. पुढे ते खंडित झाले.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

आधुनिक काळात हे काम आपल्याकडे केले ते ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशनचे रुग्णालय काढले, ते नाव आजही जुनी माणसे घेतात. ज्यांना गावचा वैद्य शिवत नव्हता, त्यांच्या अंगाला मिशनच्या डॉक्टरने हात लावला. ही गोष्ट लहान नाही, आणि ती मान्य करायला लाजण्याचे कारणही नाही.

बाबासाहेबांनी हे नेमके हेरले होते. मे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. आशियात ख्रिस्ती धर्म सेवेच्या जोरावर पसरला, शिक्षणाच्या आणि वैद्यकीय सेवेच्या, असे त्यांनी त्यात स्वच्छ म्हटले. भिक्खूंनी विद्या मिळवावी, लोकांत मिसळून सेवा करावी, आणि त्यासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंकडून काही घ्यावे लागले तर घ्यावे, असे त्यांचे सांगणे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी हाच प्रश्न ठेवला : भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा, की समाजाचा सेवक? नुसत्या परिपूर्ण माणसाचा धम्माच्या प्रसाराला उपयोग नाही, असे त्यांचे मत होते.

नवल असे की, १९६६ साली जवळजवळ हाच प्रश्न तैवानमध्ये तीन ख्रिस्ती साध्वींनी एका तरुण बौद्ध भिक्खुणीला विचारला.

पहिली भेट : १९६६

तैवान हे चीनच्या किनाऱ्यासमोरचे बेट. १८९५ ते १९४५ ते जपानच्या ताब्यात होते. नंतर चीनमधून आलेल्या राष्ट्रवादी सरकारने तिथे ठाण मांडले आणि १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा चालू ठेवला. बेटाच्या मधोमध उंच डोंगर आहेत. कारखाने, पैसा आणि मोठी शहरे पश्चिमेला. पूर्वेला डोंगर आणि महासागर यांच्या चिंचोळ्या पट्टीत ह्वालिएन हे गाव. भूकंप आणि वादळे पाचवीला पुजलेली. आमीस, त्रुकू, बुनून अशा आदिवासी जमाती तिथल्या मूळ रहिवासी, आणि गरिबीत त्याच सगळ्यांत खाली. त्या भागात १९५४ पासून अमेरिकन मेनोनाइट ख्रिश्चनांचे एक रुग्णालय होते. बौद्धांचे काही नव्हते. मंदिरे होती, पूजापाठ होते, पण दवाखाना नव्हता.

या गावात एका लहानशा मंदिरामागच्या लाकडी खोपटात चेंग येन नावाची भिक्खुणी राहत होती. तिचा जन्म १९३७ चा, ताइचुंगजवळच्या चिंगश्वेईचा. १९६० साली वडील अचानक गेले आणि त्या धक्क्यातून ती धम्माकडे वळली. घर सोडले, डोक्याचे केस स्वतःच काढले. १९६३ साली तैपेईत उपसंपदेला गेली तर नावनोंदणी होईना, कारण गुरू नव्हता. शेवटच्या क्षणी यिन शुन या थोर विद्वान भिक्खूंनी तिला शिष्या म्हणून स्वीकारले. यिन शुन यांचे नाव आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. बुद्ध हा माणसांत जन्मलेला माणूस होता, तेव्हा त्याचा धम्म मेलेल्यांच्या क्रियाकर्मात न अडकता जिवंत माणसांच्या कामी आला पाहिजे, असे ते आयुष्यभर लिहीत आले. बाबासाहेबांचे वाचक असलेल्या आपल्याला हे किती ओळखीचे वाटते! या गुरूने शिष्येला निरोप देताना एवढेच सांगितले की, धम्मासाठी आणि सर्व प्राणिमात्रांसाठी जग.

चेंग येन आणि तिच्या सोबतिणींचा नियम कडक होता. कुणाकडे मागायचे नाही, मंत्रपाठाची दक्षिणा घ्यायची नाही, स्वतःच्या हाताने कमवून खायचे. त्या शेती करीत, स्वेटर विणीत, लहान मुलांची पायताणे शिवीत.

१९६६ साली चेंग येन एका आजारी माणसाला भेटायला जवळच्या दवाखान्यात गेली. तिथे फरशीवर रक्त सांडलेले दिसले. चौकशी केली तेव्हा असे सांगण्यात आले की, डोंगरातल्या एका आदिवासी बाईला तिची माणसे आठ तास पायपीट करून घेऊन आली होती. पोटातले मूल दगावण्याची वेळ आली होती. पण अनामत म्हणून आठ हजार तैवानी डॉलर भरायला हवे होते, ते त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी तिला तशीच परत नेली.

त्याच सुमारास गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या तीन कॅथलिक साध्वी तिच्याकडे धर्मचर्चेला आल्या. बोलता बोलता त्यांनी विचारले, आम्ही शाळा काढतो, रुग्णालये काढतो. तुम्ही बौद्ध करुणा करुणा म्हणता, पण समाजासाठी करता काय? आता बघा, या प्रश्नाला दोन उत्तरे देता आली असती. आमची परंपरा तुमच्याहून जुनी आहे, असे म्हणून वाद घालता आला असता. किंवा मान खाली घालून गप्प बसता आले असते. चेंग येनने हिशोब मांडला.

तो हिशोब फार साधा आहे. आपण सहा जणी. प्रत्येकीने रोज पायताणाचा एक जोड जास्त शिवायचा. एका जोडाचे चार डॉलर, म्हणजे दिवसाला चोवीस. वर्षाला होतात आठ हजार सहाशे चाळीस. म्हणजे एक बाई वाचते! शिवाय तीस गृहिणी तिच्या अनुयायी झाल्या होत्या. त्यांना तिने बांबूच्या पेराचे गल्ले करून दिले आणि सांगितले की, बाजाराला निघण्याआधी रोज पन्नास सेंट यात टाका. कुणी म्हणाले, रोज कशाला, महिन्याला एकदाच पंधरा डॉलर देऊन टाकतो की. ती म्हणाली, नको. महिन्याला एकदा दिले तर दानाचा विचार महिन्यातून एकदा येईल. रोज दिले तर रोज येईल.

या बायका बाजारात भाजी घेताना शेजारणीला सांगू लागल्या, भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागली. अशी ही गोष्ट पसरली. १४ एप्रिल १९६६ रोजी संस्था रीतसर सुरू झाली. नाव ठेवले ‘त्झू ची’. त्झू म्हणजे मैत्री-करुणा आणि ची म्हणजे अडल्यानडल्याला मदत. पहिली भेट इथे संपते. बघायला गेले तर एक खोपटे, सहा शिवणाऱ्या भिक्खुणी आणि तीस बांबूचे गल्ले. रुग्णालयाचा पत्ता नाही.

दुसरी भेट : १९८६

मधल्या वीस वर्षांत काय झाले? सुरुवातीला त्यांनी गरीब कुटुंबांना धान्य, कपडे, औषधाचे पैसे दिले. घरोघर जाऊन चौकशी करायची, वहीत नोंद करायची, मग मदत. या वह्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे येऊ लागली. कुटुंब चांगले कमावते असते, कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो आणि घर भिकेला लागते. आजाराने गरिबी येते आणि गरिबीने आजार वाढतो. मग १९७२ साली ह्वालिएनमध्ये मोफत दवाखाना सुरू केला. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका आपल्या फावल्या वेळात तिथे येऊन बसत.

तरी भागेना. मोठे ऑपरेशन असले की रोग्याला डोंगरापलीकडे तैपेईला न्यावे लागे. वाटेतच जीव जाई. १९७९ साली चेंग येनने जाहीर केले की, पूर्व किनाऱ्यावर आपण स्वतःचे सुसज्ज रुग्णालय बांधायचे. ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. पैसे नाहीत, जमीन नाही, डॉक्टर नाहीत.

जमिनीचे तर दशावतारच झाले. जागा बघायची आणि ती हातची जायची, असे पुन्हा पुन्हा. शेवटी एक जागा ठरली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये भूमिपूजन झाले. पण थोड्याच दिवसांत कळले की ती जागा लष्कराला हवी आहे. पुन्हा शोध. दुसऱ्या जागेवर एप्रिल १९८४ मध्ये दुसऱ्यांदा कुदळ मारली. मधल्या काळात एका जपानी धनिकाने सगळ्या खर्चाची रक्कम एकट्याने द्यायची तयारी दाखवली होती, असे संस्थेच्या इतिहासात सांगतात. रक्कम होती वीस कोटी अमेरिकन डॉलर. चेंग येनने आभार मानून ती नाकारली. एकाने पैसे दिले तर इमारत एकाची होईल. लाखो लोकांनी विटेविटेचे दिले तर ती सगळ्यांची होईल, असा तिचा विचार. आपल्याला हा हट्ट वेडा वाटेल. पण देणगीदाराच्या नावाची पाटी लावण्यावरून आपल्याकडे किती विहार समित्या फुटल्या ते आठवले म्हणजे या हट्टाचा अर्थ कळतो.

१७ ऑगस्ट १९८६ रोजी रुग्णालयाचे दार उघडले. तैवान विद्यापीठाच्या रुग्णालयाने डॉक्टर पाठवून हात दिला. आत शिरल्यावर मोठ्या दालनात भिंतीवर एक चित्र दिसते : तथागत आजाऱ्याची शुश्रूषा करीत आहेत. आणि पहिल्या दिवसापासूनचा नियम असा की, भरती होण्यासाठी अनामत रक्कम घेतली जाणार नाही. ज्या आठ हजार डॉलरपायी एक बाई परत गेली होती, त्या आठ हजारांना वीस वर्षांनी दिलेले हे उत्तर.

गल्ल्यात पैसे टाकणाऱ्या बायका आता रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून येऊ लागल्या. नव्या रोग्याला वाट दाखवायची, कागद भरून द्यायचे, ज्याचे कुणी नाही त्याच्याजवळ बसायचे. डॉक्टर रोग बघतो, पण घाबरलेल्या माणसाचा हात कोण धरणार? ते काम यांनी धरले.

आणखी एक आठवण. १९९१ साली चेंग येन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोच पुरस्कार जो १९७९ साली जामखेडच्या आरोळे दांपत्याला आणि १९८५ साली आपल्या बाबा आमटे यांना मिळाला होता.

तिसरी भेट : डॉक्टर, मौन गुरू आणि परदेश

इमारत बांधून काम संपले नाही. शहरातले डॉक्टर डोंगरकाठी राहायला तयार होईनात. हे दुखणे आपल्या गडचिरोली-नंदुरबारचेही आहे. मग त्यांनी ठरवले की, बाहेरून येत नाहीत तर इथेच घडवू. १९८९ साली परिचारिकांचे महाविद्यालय काढले. १९९४ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले, ते २००० साली विद्यापीठ झाले.

वैद्यकीय शिक्षणाला मृतदेह लागतात. तैवानी लोकांत देह अखंड ठेवून पुरण्याची समजूत खोल रुजलेली. त्यामुळे महाविद्यालयांना बेवारस प्रेतांवर भागवावे लागे. चेंग येन यांनी लोकांना सांगितले की, देहातून प्राण गेल्यावर त्या देहावर आपली मालकी कसली? तो शिकणाऱ्या मुलांच्या कामी येऊ द्या. १९९५ पासून लोक देहदानाचे अर्ज भरू लागले. या देहदात्यांना तिथे ‘मौन गुरू’ मानतात. विच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी दात्याच्या घरी जातात, घरच्यांकडून त्याच्या आयुष्याची माहिती घेतात आणि त्याचा फोटो व चरित्र भिंतीवर लावतात. अभ्यास संपल्यावर देह नीट शिवून, कपडे घालून, विद्यार्थीच खांदा देतात. एका दात्याने जिवंतपणी विद्यार्थ्यांना सांगून ठेवले होते की, माझ्यावर चुकीचे वार कितीही करा, पण उद्या रोग्यावर एकही चुकीचा करू नका. आपल्या समाजात देहदान करणारे उपासक आहेत. त्यांचा मान कसा राखावा, हे यांच्याकडून शिकावे.

१९९३ साली त्यांनी अस्थिमज्जा दात्यांची नोंदवही सुरू केली. त्यापूर्वी तैवानच्या कायद्याने नात्याबाहेरच्या माणसाची मज्जा घेता येत नव्हती. त्याच वर्षी कायदा बदलला. रक्ताच्या कर्करोगात मज्जा जुळणारा माणूस हजारोंत एखादाच मिळतो, म्हणून नोंदणी लाखांत व्हावी लागते, आणि ती झाली. तैवानच्या दात्यांची मज्जा पुढे परदेशातल्या रोग्यांनाही गेली. जात, भाषा, देश काही आड आले नाही.

रुग्णालयेही वाढली : पूर्वेकडे युली आणि ग्वानशान, शेतकरी भागात दालिन (२०००), मग तैपेई (२००५) आणि ताइचुंग (२००७). युलीसारख्या लहान गावातले रुग्णालय पैशाच्या हिशोबाने परवडणारे नाही. पण रस्त्यावर अपघात झाला तर जवळ दुसरे काही नाही, म्हणून ते चालवतात.

देशाबाहेरचे काम १९९१ च्या बांगलादेशातील चक्रीवादळापासून सुरू झाले. अमेरिकेतल्या तैवानी स्वयंसेवकांनी रस्त्यावर उभे राहून त्यासाठी निधी गोळा केला. १९९३ साली लॉस एंजलिसजवळ मोफत दवाखाना निघाला. मग डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. निळा शर्ट आणि पांढरी पँट घातलेले हे स्वयंसेवक प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करतात. २००२ साली जकार्ता शहरात पूर आला तेव्हा आंगके नदीकाठच्या झोपडपट्टीत त्यांनी सफाई केली, शिबिरे घेतली आणि पुढे लोकांना पक्की घरे बांधून दिली. ते लोक बहुतांशी मुसलमान होते. त्यांना धर्म बदला असे कुणी म्हटले नाही. २००३ साली फिलिपिन्समधील जोडलेल्या जुळ्या बहिणींना ह्वालिएनच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून वेगळे केले. २०१० साली हैती आणि २०१५ साली नेपाळ येथे भूकंपानंतर डॉक्टर पोचले. अलीकडे, २०२२ पासून लुंबिनीत आणि २०२३ पासून आपल्या बोधगयेत, मलेशिया-सिंगापूरचे त्झू ची स्वयंसेवक मुक्काम करून गरीब गावांत आरोग्याचे आणि घरबांधणीचे काम करीत आहेत. अशोकाच्या काळी औषध या भूमीतून बाहेर गेले होते. आता ते धम्माच्या वाटेने परत येत आहे. आनंद वाटतो, आणि थोडी खंतही, की बोधगयेच्या झोपडीत गोळी द्यायला सिंगापूरहून माणूस यावा लागतो.

दोन कटू गोष्टी

स्मरणिकेत गोडगोडच लिहायचे असे नाही. फरशीवरच्या रक्ताच्या त्या गोष्टीवरून पुढे वाद झाला. ज्या डॉक्टरांकडे बोट दाखवले गेले त्यांच्या कुटुंबाने न्यायालयात दाद मागितली. २००३ साली कुटुंबाला भरपाई देण्याचा निकाल झाला. चेंग येन यांनी अपील न करता तो स्वीकारला. त्या काळी अनामत घेण्याची पद्धत होती हे खरे. पण एका माणसावर ठपका ठेवताना पुरावा पक्का लागतो, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट २०१५ सालची. तैपेईच्या नेइहू भागात संस्थेने घेतलेल्या जमिनीवर बांधकाम करायचे होते. ती जागा संरक्षित क्षेत्रात असल्याने लोकांनी विरोध केला, संस्थेच्या हिशोबाच्या पारदर्शकतेवरही टीका झाली, आणि अखेर तो बेत सोडून द्यावा लागला. सेवेचे काम मोठे झाले की पैसा मोठा होतो, आणि पैसा मोठा झाला की प्रश्न येतात. त्यांची उत्तरे उघडपणे द्यावीच लागतात.

दान आणि हक्क

आमच्या अभ्यास वर्गात एका तरुण मुलाने विचारले, दादा, हे सगळे दानधर्माचे झाले. बाबासाहेबांनी तर आपल्याला हक्क मागायला शिकवले. मग गल्ले कशाला भरायचे? प्रश्न बिनतोड आहे.

उत्तर तैवाननेच दिले आहे. तिथे १ मार्च १९९५ पासून सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला. म्हणजे आजाऱ्याचा मुख्य भार सरकारने उचलला. तरीही स्वयंसेवकांचे काम उरलेच. डोंगरातल्या म्हातारीला दवाखान्यात कोण आणणार, कागद कोण भरणार, रात्री उशाशी कोण बसणार? कायदा दार उघडतो, पण दारापर्यंत हात धरून नेणारा माणूसच लागतो.

बाबासाहेबांनीही दार उघडण्याचे काम केले आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळातच, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करायला नेमले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आपल्या वडीलधाऱ्यांनी गिरणीत, कारखान्यात असताना ज्या ईएसआयच्या दवाखान्यातून औषध घेतले, त्या दवाखान्याच्या मुळाशी हा इतिहास आहे.

आता आपल्या वस्तीकडे

काही काळापूर्वी आपल्याच वस्तीतल्या एका आजीला रात्री छातीत कळ आली. एका मोठ्या रुग्णालयात नेले तर काउंटरवरून आधी पैसे भरा असे सांगितले. त्या रात्री आम्ही घराघरांतून पैसे गोळा केले, आजींच्या सुनेने कानातले काढून दिले. आजी वाचल्या. मागाहून कळले की ते रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचे होते, आणि गरिबांसाठी तिथे राखीव खाटा होत्या. ही गोष्ट तिथल्या कुणीही सांगितली नाही.

म्हणून हे प्रत्येक घराने कापून ठेवावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना यांनुसार, महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचे आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला हे कागद जवळ असावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी रुग्णालयातच करावी. हे दान नव्हे, हक्क आहे.

आणि हक्काच्या सोबतीला गल्ला. आपल्या विहाराशी जोडलेली शंभर घरे धरू. प्रत्येक घराने रोज दोन रुपये टाकले तर दिवसाला दोनशे, वर्षाला त्र्याहत्तर हजार होतात. यातून रुग्णालय बांधून होणार नाही, हे आम्हाला कळते. पण मध्यरात्रीच्या रिक्षाचे भाडे, पहिल्या दिवसाची औषधे, नातेवाइकाचा डबा एवढे नक्की होईल. त्यासाठी चार गोष्टी विहार समितीपुढे ठेवतो. घराघरांत गल्ला, तोही रोजचा. विहारात एक नोंदवही, कुणाला कोणता आजार, कुणाला काय मदत झाली याची. दोन भाऊ आणि दोन ताया, ज्यांना या योजनांचे कागद पाठ असतील आणि जे रात्री-अपरात्री सोबत जातील. आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर पैशापैशाचा हिशोब सगळ्यांसमोर वाचणे. या वर्धापनदिनाला जमलेल्या निधीतून संगमरवरी फरशी बसवायची की हे काम सुरू करायचे, हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत आहे. आमचे मत आम्ही लपवलेले नाही.

त्या तीन साध्वींचा प्रश्न फक्त तैवानला विचारलेला नव्हता. उद्या आपल्या विहाराच्या दारात येऊन कुणी विचारले की, तुम्ही पंचशील घेता, वंदना करता, पण वस्तीसाठी काय करता? तर आपल्याकडे दाखवायला एक नोंदवही असावी. जाड नसली तरी चालेल, रोज लिहिलेली असावी.

नमो बुद्धाय! जयभीम!

— रविवार अभ्यास वर्गातर्फे